थंडीत खुंटलेलं गवत : दसऱ्यापासून होळीपर्यंत चाऱ्याचं काय करायचं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातला नेपियर गवताच्या वावरात गेलं की दहिवरानं पाय भिजतात आणि विळा नुसता हातात राहतो. कापायला काहीच नसतं. महिन्याभरापूर्वी कापलेल्या बेटांतून चार-सहा बोटांचे पोंगे वर आलेले, त्यांची टोकं वाळून तांबूस झालेली, खालची पानं पिवळी पडलेली. दिवाळीत याच बेटांत उभा माणूस दिसत नव्हता. जमीन तीच, विहीर तीच, खतही तेच.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. युरियाची गोणी फोडली, वर ओलीत दिलं आणि पंधरा दिवस वाट पाहिली. गवत एक वीतही हललं नाही. आमच्या गावची ढोरं चारणारे म्हातारे गायकी धुऱ्यावर टेकून बघत होते. म्हणाले, "गवत झोपलं हाय रे बापू. त्याले कायले उठवतं?" तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. पुढं चार-पाच हिवाळे गेल्यावर कळलं की याहून नेमकं मला कोणीच सांगितलं नव्हतं. थंडीत हे गवत वाढवायच्या मागे लागायचं नाही. त्याला मुळांवर जगू द्यायचं आणि त्याची रिकामी जागा दुसऱ्या चाऱ्यानं आधीच भरून ठेवायची. यातलं बहुतेक काम दसऱ्याच्या आसपास होतं. जानेवारीत करण्यासारखं थोडंच उरतं.

माझी जमीन वर्धा जिल्ह्यात, काळी, विहिरीचं ओलीत. कोठ्यात चार दुभती जनावरं. पुढचे सगळे हिशेब त्या चारांचे आहेत. तुमच्याकडे आठ असतील तर दुप्पट धरा.

दिवसा ऊन असूनही गवत का थांबतं

आपल्याकडे जानेवारीत दुपारी २७-२८ अंश तापमान असतं. मग गवताला अडचण कसली? अडचण रात्रीची आहे. नेपियर, ज्वारी, मका, बाजरी, मारवेल ही सगळी उष्ण हवेची कुळं. त्यांना २५ ते ३५ अंश मानवतात आणि १५ अंशांच्या खाली त्यांची वाढ जवळपास थांबते. दिवसा उन्हात पानं अन्न तयार करतात. ते अन्न रात्री पानातून निघून खोडाकडे, नव्या पोंग्याकडे जायला हवं. रात्र फार गार पडली की ते पानातच अडकून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी ते भरलेलं पान धड कामही करत नाही. म्हणजे दुपारचं ऊन डोळ्याला दिसतं, पण गवताच्या पदरात फारसं पडत नाही.

त्यात हवा कोरडी. पाऊस ऑक्टोबरमध्येच संपलेला, उत्तरेकडून वारे सुटलेले. काळी जमीन वरून भेगाळते आणि त्या भेगांतून आतली ओलही उडते. मक्याची पानं जांभळी पडतात, कारण गार मातीतून मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात आमच्या नेपियरचे वरचे पोंगे उकडलेल्या भाजीसारखे लुळे पडले आणि तीन दिवसांत वाळले.

इंग्लंड-आयर्लंडच्या पशुपालकांनाही हेच दुखणं असतं, फक्त त्यांचा महिना वेगळा आणि गवत वेगळं. त्यांचं रायगवत माती ५-६ अंशांवर आली की वाढायला लागतं. पण एखादा वसंत गार आणि कोरडा निघाला की तेही अडतं, आणि तिथले लोक मुरघास, म्हणजे हवा न लागू देता आंबवून साठवलेला हिरवा चारा, काढून गाईंपुढं टाकतात. आपल्या नेपियरला त्या थंडीत एक दिवसही काढता यायचा नाही. त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच. गवत अडलं की ते त्याला आणखी खालून ओरबाडत नाहीत.

आधी सुतळी बांधा

गवत खरंच थांबलंय की नुसतं मंदावलंय, हे डोळ्यांनी कळत नाही. मी वावरात तीन ठिकाणी एकेका बेटाला रंगीत सुतळी बांधतो. कडेची बेटं घेत नाही, आतली घेतो. त्यांतला एक पोंगा निवडून त्याच्या शेजारी काडी रोवायची आणि पोंग्याच्या टोकाशी काडीवर खूण करायची. दहा दिवसांनी टेपनं मोजायचं. ऑक्टोबरमध्ये हा पोंगा दहा दिवसांत गुडघ्याला लागतो. डिसेंबरच्या मध्यावर तो चार-पाच बोटांवर आला की समजायचं, आता इथून चारा मिळणार नाही. त्या दिवसापासून त्या वावरात विळा बंद.

ही खूण लागते त्याच्या पंधरा दिवस आधी, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या शेवटी, शेवटची कापणी उरकलेली बरी. नेपियरची एरवी ४५ ते ६० दिवसांनी येणारी कापणी थंडीत दुप्पट लांबते. "थोडं वाढलंय, तेवढं तरी कापू" असं म्हणून जानेवारीत केलेली कापणी फेब्रुवारीत महागात पडते.

विळा किती उंचावर धरायचा

हे मला स्वतःच्याच चुकीतून कळलं. एका वर्षी नोव्हेंबरची कापणी दोन मजुरांकडून करून घेतली. एकाला वाकायचा कंटाळा, त्यानं वीतभर उंच कापलं. दुसरा मेहनती, त्यानं अगदी जमिनीलगत, दाढी केल्यासारखं साफ कापलं. मी अर्थातच दुसऱ्याचं कौतुक केलं. फेब्रुवारीच्या शेवटी आळशी माणसाच्या बाजूची बेटं हिरवीगार फुटली होती. मेहनती माणसाच्या बाजूला प्रत्येक पाच-सहा बेटांमागं एखादं मेलेलं होतं, आणि जिवंत होती त्यांतून सुतळीसारखे बारीक फुटवे निघत होते.

कारण सोपं आहे. थंडीत पानं नवं अन्न फारसं करत नाहीत, तेव्हा बेट जगतं ते खोडाच्या बुडात साठवलेल्या शिदोरीवर. जमिनीलगत कापलं की ती शिदोरीच आपण कोठ्यात नेतो. म्हणून शेवटची कापणी १२ ते १५ सेंटिमीटर उंचीवर घ्या, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडं जास्त. दशरथ घास (झुडपासारखा वाढणारा द्विदल चारा) असेल तर त्याहून वर, गुडघ्याच्या जरा खाली. कापल्यावर त्या वावरात ढोरं सोडू नका, ती बुडखे उपटून खातात.

शेवटच्या कापणीनंतर युरिया टाकायचा नाही. गार जमिनीत मुळं तो उचलत नाहीत, पैसे मात्र जातात. त्याऐवजी बेटांच्या ओळींत शेणखत पसरा आणि मधल्या जागेत सोयाबीनच्या कुटाराचा (मळणीनंतर उरलेल्या भुशाचा) किंवा वाळक्या पानांचा थर द्या. ओल टिकते आणि रात्री मुळांभोवती थोडी ऊब राहते. ओलीत १५ ते २० दिवसांनी, हलकं. थंडीची लाट येणार असं कळलं तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा उशिरा गार होते. विहिरीचं पाणी हिवाळ्यात मातीपेक्षा कोमट असतं, त्याचाही फायदा मिळतो. लाइन रात्री दोनला आली तर काय करायचं, ते मी सांगायला नको. बॅटरी आणि गमबूट.

चार जनावरांचा हिशेब

खडूनं कोठ्याच्या भिंतीवर लिहा, वहीत लिहिलेलं सापडत नाही. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा भाग लागतो, म्हणजे सगळा चारा-ढेप पाणी काढून मोजलेला. हिरव्या चाऱ्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं. तेव्हा २० किलो हिरवा म्हणजे ४ किलो कोरडा भाग, बाकीचा कडबा-कुटारातून आणि ढेप-चुनीतून भरायचा.

चार जनावरांना रोज ८० किलो हिरवा चारा. १५ डिसेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ७५ दिवस, म्हणजे ६ टन. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत उन्हाळ्याचं मुरघासावर काढायचं तर रोज १५ किलोप्रमाणे चारांना १०० दिवसांचे आणखी ६ टन. माझं सगळं नियोजन या दोन आकड्यांवर उभं आहे. पहिले ६ टन ओटातून, दुसरे ६ टन मक्याच्या मुरघासातून. दोन्ही मिळून एक एकर.

ओट : थंडीला न घाबरणारा चारा

आपल्याकडे लोक नेपियरच्या पाठीमागं इतके लागले की ओट हे नावच मागं पडलं. खरं तर विदर्भाच्या हिवाळ्याला ओटाइतकं चोख पीक दुसरं नाही. त्याला १५ ते २५ अंश मानवतात आणि गार रात्रीचं काही वाटत नाही. नेपियर झोपतं त्याच दिवसांत तो वाढतो.

बियाण्याची सोय सप्टेंबरमध्येच करा. तालुक्याच्या दुकानात ओटाचं बी ऐनवेळी मिळत नाही, आणि मिळालं तर कुठलं हे कळत नाही. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ किंवा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र इथे विचारून ठेवायचं. केंट हा जुना वाण आहे, फुले हरिता राहुरीचा आहे, आणि जेएचओ-८५१ एकापेक्षा जास्त कापण्या देतो.

सोयाबीन निघालं की वखराची पाळी देऊन जमीन तयार करा. पेरणी १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य, तिफणीनं, दोन ओळींत २५ ते ३० सेंटिमीटर. एकरी ४० किलो बी, म्हणजे अर्ध्या एकराला २०. खत एकरी डीएपीची एक गोणी पेरताना. युरिया दीड गोणी, त्यातला निम्मा पेरणीनंतर महिन्याभरानं आणि उरलेला पहिल्या कापणीनंतर ओलिताच्या आधी. अर्ध्या एकराला याच्या निम्मं. पाणी १० ते १५ दिवसांनी. स्प्रिंकलर असेल तर उत्तम. काळ्या जमिनीत पाट भरून पाणी साचवलं की ओट पिवळा पडतो.

पण अर्धा एकर एकदम पेरू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. एकदम पेरलेला ओट ५०-५५ दिवसांत एकदम कापणीला येतो. रोज ८० किलोच लागणार, म्हणून शेवटचा पट्टा कापेपर्यंत तो शंभर दिवसांचा होतो, दाणे भरतो, काडी कडक होते आणि जनावर गव्हाणीत निम्मं टाकून देतं. अर्ध्या एकराचे तीन तुकडे करा. पहिला १५ ऑक्टोबरला, दुसरा महिन्याच्या अखेरीस, तिसरा १४-१५ नोव्हेंबरला. पहिली कापणी चांगली साधली तर रोजच्या ८० किलोंसाठी अर्ध्या गुंठ्याहून थोडं कमी क्षेत्र लागतं, साधारण ७ मीटर बाय ६ मीटरचा पट्टा. अशा चालीनं अर्ध्या एकराची पहिली फेरी दीड महिन्यात संपते. तोवर सुरुवातीचा पट्टा दुसऱ्या कापणीला तयार असतो, त्याला ३५-४० दिवस पुरतात. दुसऱ्या फेरीत वजन कमी भरतं, पण फेब्रुवारी निघून जातो.

कापताना बुडखा ८ ते १० सेंटिमीटर ठेवा. ओट फुलोऱ्यात येताना कापला तर सगळ्यात चांगला.

बरसीम आणि लसूणघास ही द्विदल कुळं ओटाच्या सोबतीला चांगली, प्रथिनं भरपूर. बरसीमला पाणी फार लागतं, एकरी १० ते १२ किलो बी, पहिली कापणी ४५-५० दिवसांनी, नंतर दर महिन्याला. मी स्वतः आता बरसीम करत नाही, विहिरीला झेपत नाही. दोन-तीन गुंठे लसूणघास मात्र असतेच. बी घेताना त्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं नाही ना, ते हातावर घेऊन पाहा. एकदा शिरली की पिवळे दोरे अख्ख्या वाफ्यावर पसरतात आणि वाफाच मोडावा लागतो.

मुरघास, पण काळ्या जमिनीत खड्डा नको

पावसाळ्यात अर्धा एकर आफ्रिकन टॉल मका ऑगस्टच्या सुरुवातीला पेरा, म्हणजे कापणी झडीत सापडत नाही आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात स्वच्छ ऊन मिळतं. लष्करी अळीकडे लक्ष ठेवा. पोंग्यात भुसा दिसला की दुसऱ्याच दिवशी उपाय करा. कणसातला दाणा दुधाळ अवस्था ओलांडून चिकाळ झाला की कापा, दाणा नखानं दाबला की दूध कमी आणि पीठ जास्त निघतं ती वेळ. कुट्टी २-३ सेंटिमीटरची. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट जोरानं आवळून सोडा. पाणी ठिबकलं तर मका अजून ओला, गोळा लगेच फुटून विखुरला तर फार वाळला, गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर भरा.

आता खड्ड्याचं. पुस्तकात जमिनीतला खड्डा दाखवतात, पण तो मुरमाड जमिनीसाठी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंती सरकतात, प्लास्टिक फाटतं, हवा शिरते. आमच्या पहिल्या खड्ड्यातला निम्मा मुरघास काळा बुरशीचा निघाला, उकिरड्यावर टाकताना चार दिवस नाकाला रुमाल होता. आता मी कोठ्याजवळ मुरूम टाकून उंच केलेल्या ओट्यावर पिशव्यांत भरतो. एक घनमीटरमध्ये ५०० ते ६०० किलो बसतो, त्यावरून पिशव्या किती लागतील ते काढा. थर थर टाकून पायानं तुडवत भरायचं. कोपऱ्यात हवा राहिली की तिथूनच सडतं. ४५ दिवस हात लावायचा नाही. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो आणि त्याला आंबटगोड वास येतो. उघडल्यावर रोज वरचा वीतभर थर काढत राहा. काळा किंवा पांढऱ्या बुरशीचा भाग गाभण जनावराला चुकूनही नको.

कुटार, तणीस आणि गव्हांडा

सोयाबीन, तूर, हरभरा यांचं कुटार आपल्याकडे मुबलक आहे आणि आपणच ते धुऱ्यावर पेटवतो. सोयाबीनचं कुटार मळणीच्या दिवशीच ताडपत्रीखाली गेलं पाहिजे. एक अवकाळी सर आली की त्याची बुरशी होते. तुरीचं कुटार शेळ्या आवडीनं खातात.

भंडारा-गोंदियाकडे तणीस (भाताचा पेंढा) आणि इकडे गव्हांडा (गव्हाचा भुसा) हा पोट भरणारा पण रिकामा चारा, प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. त्याला युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. तणसाचा थर, वर झारीनं पाणी, पुन्हा थर, तुडवणं, वर प्लास्टिक, कडेनं माती. एरवी २१ दिवसांत तयार होतं, पण थंडीत ही क्रिया मंदावते, म्हणून चार आठवडे ठेवा. उघडल्यावर नाकात झोंबणारा वास निघून जाईपर्यंत, तास-दोन तास पसरून ठेवून मग द्या. सुरुवातीला थोडं, आठवड्यात वाढवत न्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही. युरियाचं पाणी उरलं तर बादली लगेच पालथी करा, तहानलेली गाय ते प्याली तर मरते.

रानातलं, धुऱ्यावरचं आणि ई-क्लासवरचं (सरकारी पडीक-चराऊ जमिनीवरचं) गवत

आपण हे गवत कधी कापतो? नोव्हेंबर-डिसेंबरात, शेतीची कामं संपल्यावर, म्हणजे ते वाळून पिवळं झाल्यावर. तोवर त्यात काडीच उरलेली असते आणि कुसळं पिकलेली असतात. ती शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. मारवेल, पवन्या यांसारखी गवतं फुलोऱ्यात येताना कापली तर त्यात प्रथिनं जवळपास दुप्पट असतात. म्हणजे कापणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्याची खात्री करून, सकाळचं दहिवर उडाल्यावर. दोन-तीन दिवस उलटपालट करून वाळवा, रंग हिरवट राहिला पाहिजे. सोयाबीनच्या गडबडीत हे सुचत नाही हे मला मान्य आहे. निदान दोन माणसं तीन दिवस त्यासाठी वेगळी काढा.

कापसाच्या वावरात वेचा संपला की शेळ्या-मेंढ्या सोडणं चांगलं. खाली पडलेली बोंडं त्या खातात आणि त्यातल्या गुलाबी बोंडअळ्याही संपतात. फक्त शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हे वावराच्या मालकाला तोंडावर विचारूनच.

विकत घेताना

तीन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून मी नेपियरच्या कांड्या घेतल्या. "थंडीतही थांबत नाही, एकरी दोनशे टन." कांड्या चांगल्या होत्या, गवत नेपियरच होतं आणि डिसेंबरात ते नेपियरसारखंच थांबलं. यशवंत, जयवंत, बीएनएच-१०, सीओ-५, सगळी चांगली गवतं आहेत. पण थंडीत थांबत नाही असं त्यातलं एकही नाही.

ट्रेमध्ये उगवलेल्या मक्याच्या हिरव्या गालिच्याचंही तसंच. १ किलो मक्याचा ७-८ किलो चारा होतो हे खरं, पण वाढलेलं सगळं वजन पाण्याचं असतं. त्यापेक्षा तो मका भरडून घाला. ॲझोला (पाण्यावर तरंगत वाढणारं बारीक नेचं) थंडीत मंदावतो. आधार म्हणून ठीक, भिस्त ठेवण्यासारखा नाही.

या दिवसांतल्या विषबाधा

थंडी-कोरडीनं खुंटलेली ज्वारी सगळ्यात धोक्याची. खरिपाच्या ज्वारीच्या बुडख्यांतून डिसेंबर-जानेवारीत कोवळे पोंगे फुटतात, दिसायला हिरवेगार, आणि हिरव्याला आसुसलेली गाय सुटून तिथेच जाते. यालाच किराळ लागणं म्हणतात. काही मिनिटांत तोंडाला फेस, धाप, झटके आणि जनावर आडवं. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं, ते काम पशुवैद्यकाचं. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी द्यायची नाही आणि जुनी बुडखी डिसेंबरच्या आत वखरून टाकायची.

युरिया भरपूर दिलेला आणि मग थंडीत अडलेला कुठलाही चारा नायट्रेट साठवतो, ते खोडाच्या खालच्या भागात जास्त असतं. असा चारा जरा उंचावरून कापा आणि कडब्यात मिसळून द्या, एकट्यानं पोटभर नको.

लसूणघास आणि बरसीम दहिवरात कापून ओलीच टाकली तर पोट फुगतं. दहा वाजेपर्यंत थांबा, कापून तासभर सुकू द्या आणि आधी गव्हाणीत कुटार टाका, म्हणजे जनावर उपाशीपोटी त्यावर तुटून पडत नाही. डावी कूस ढोलासारखी वाजायला लागली तर डॉक्टर येईपर्यंत पाव ते अर्धा लिटर गोडेतेल हळूहळू पाजा, मान फार वर न करता, नाहीतर तेल फुप्फुसात जातं.

कोठ्यातलं थोडं

हिरवा चारा कमी पडला की अ जीवनसत्त्व कमी पडतं. गाय माजावर येत नाही, वासरू अंधारात धडपडतं. रोज ५-७ किलो का होईना, हिरवं प्रत्येकाच्या तोंडी पडलंच पाहिजे, गाभण आणि दुभत्यांना आधी. क्षार मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. सरकीच्या ढेपेवर दुधाप्रमाणे हात सैल करा, गाईला अडीच-तीन लिटरमागं एक किलो खुराक. शेण बघत चला. घट्ट, थर थर पडणारं, गोवरीसारखं शेण म्हणजे पोटात काडी जास्त आणि प्रथिनं कमी. पाणी सकाळी सहाला बर्फगार टाक्यातलं नको, दहानंतर विहिरीचं ताजं पाजा. पाणी कमी प्यालं की दूध त्याच संध्याकाळी कमी होतं.

फेब्रुवारी : गवत उठतं तेव्हा

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो, पण रात्री अजून गारच असतात. तेव्हा गडबड नको. सुतळीच्या बेटांकडे पुन्हा जा. साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री १५ अंशांवर टिकायला लागतात आणि काडीवरची खूण दहा दिवसांत वीतभर मागं पडते. त्या दिवशी वावरात उतरा.

बेटांवरची वाळलेली पानं आणि काड्या विळ्यानं काढून टाका, हिरवा बुडखा राखून. मेलेली बेटं उपटून त्या जागी शेजारच्या जोमदार बेटाचे ठोंब लावा. ओळींतून डवरा फिरवा, एकरी दोन बंड्या कुजलेलं शेणखत द्या आणि आता युरिया द्या, एकरी अर्धी ते पाऊण गोणी, लगेच मागून ओलीत. नोव्हेंबरात वाचवलेली गोणी इथे कामाला येते. पुढं आठ-दहा दिवसांनी पाणी. पहिली कापणी ४५ दिवसांनी, त्याआधी नाही, मुरघासाची पिशवी फोडावी लागली तरी चालेल. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नुकत्याच व्यायलेल्या गाईला तर ते एकट्यानं देऊच नका.

माझ्याकडे होळीच्या महिन्यात, मार्चच्या अखेरीस पहिला भारा निघतो. ओटाचा शेवटचा पट्टा त्याआधीच संपलेला असतो, मधले दिवस मुरघासावर निघतात. एखादा गुंठा मी बियाण्यासाठी उभा सोडतो. मार्चच्या शेवटी तो कापून, झोडपून, उन्हात दोन दिवस वाळवून गोणीत भरायचा, गोणीवर वाण आणि वर्ष लिहायचं आणि उंदरांपासून लांब, कोठाराच्या आढ्याला टांगायची. ऑक्टोबरात कुणाच्या दुकानासमोर उभं राहावं लागत नाही.